स्पॉकचा मेंदू आणि दादाचे शब्द

आवडत्या गवयाचीही एखादी मैफल पडते, आवडत्या लेखकाचंही एखादं पुस्तक अर्ध्यावर मिटावंसं वाटतं. मालिकांचं तर विचारूच नका. दर आठवड्याला नवी गोष्ट द्यायची म्हटल्यावर एखादी फसणारच. पण काही भाग असे फसतात की पन्नास वर्षांनंतरही लोक त्यांचं नाव काढून हसतात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला ‘स्पॉक्स ब्रेन’, म्हणजे ‘स्पॉकचा मेंदू’, हा भाग त्यातलाच. २० सप्टेंबर १९६८ रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे, आणि थोडं माझ्या भावाविषयी.

माझं माहेर ग्वाल्हेरचं. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता दीड दिवसात ग्वाल्हेर येतं. ‘तिकडे मराठी माणसं?’ असं इथे मला अजून विचारतात. अहो, शिंद्यांबरोबर गेलेली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या तिथल्या लष्कर भागात राहतायत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. आमच्या घरी कृष्णधवल संच होता. त्यामुळे यानावरच्या लोकांचे सदरे पिवळे, निळे, लाल असतात हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. इंग्रजी अर्धंमुर्धं समजायचं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला दादा ते मराठीत सांगायचा. त्यातलं किती खरं आणि किती त्याच्या पदरचं, देव जाणे! कॅप्टन कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, भावना आवरून धरणारा स्पॉक ही आमच्या घरचीच माणसं झाली होती. पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’ ही आपली देशी मालिका आली, तीही आम्ही पाहिली. पण दादाचा जीव पहिल्या मालिकेतच अडकलेला होता.

ही मालिका तशी गरिबीत वाढली. माणसं एका जागी विरघळतात आणि दुसऱ्या जागी उमटतात, ही तिची प्रसिद्ध युक्ती. ती विज्ञानातून कमी आणि काटकसरीतून जास्त आली. दर आठवड्याला अख्खं यान एखाद्या ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांच्या खिशाला परवडत नव्हतं. डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं म्हणजे चक्क जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या शोभिवंत डब्या! एका भागासाठी त्या आणल्या होत्या. पण त्या मिठाच्या आहेत हे प्रेक्षकांना ओळखूच येणार नाही असं वाटल्यावर दवाखान्यात कामी लावल्या. आपल्याकडे गॅदरिंगच्या नाटकात पुठ्ठ्याची तलवार करतात, त्याच जातीचं हे काम.

आता त्या भागाची गोष्ट ऐका. एक अनोळखी बाई यानावर येते, सगळ्यांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. एवढी शस्त्रक्रिया होऊनही स्पॉकचा एक केस विस्कटलेला नसतो! चोवीस तासांत मेंदू परत बसवला नाही तर तो वाचणार नाही. माग काढत मंडळी एका गारठलेल्या ग्रहावर पोचतात. तिथे पुरुष वर बर्फात आणि बायका जमिनीखालच्या नगरात राहतात. त्या नगरातली हवा, पाणी, ऊब सगळं आता स्पॉकचा मेंदू चालवत असतो. आणि बिनमेंदूचा स्पॉक? मॅकॉय हातातल्या छोट्या यंत्राची बटणं दाबतो आणि स्पॉकचं शरीर चावीच्या बाहुल्यासारखं चालत राहतं.

माझ्या भाच्याने मालिकेच्या डीव्हीडींचा संच आणला, तेव्हा हा भाग आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला. दिवाळीची सुट्टी होती. हसून हसून पोट दुखलं. दादाने टीव्हीचा रिमोट माझ्यावर रोखला आणि ‘चल, चहा ठेव’ म्हणत बटण दाबलं. मीही ताठ हातपायांनी स्वयंपाकघराकडे चालत गेले. पुढे कित्येक दिवस घरात तोच खेळ चालू होता.

हा भाग असा का झाला? १९६८ साली मालिका बंदच पडायची होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरं सत्र मिळालं. पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरुण प्रेक्षक घरात नसतात. पैसेही कमी झाले. त्या सत्राचा पहिलाच भाग हा! त्याचा लेखक जीन कून तसा कसलेला माणूस. मालिकेतल्या काही उत्तम गोष्टी त्याच्याच. पण या भागावर त्याने ली क्रोनिन हे टोपणनाव लावलं, कारण तोवर तो दुसऱ्या स्टुडिओशी करारबद्ध झाला होता. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी पुढे आत्मकथनात लिहिलं, की या भागाचं चित्रीकरण चालू असताना आपल्याला सतत संकोच वाटत होता.

तरी कल्पना अगदी हवेतून आलेली नव्हती. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयरोपण केलं. दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही तो प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. हृदय बदलता येतं तर मेंदू का नाही, असं त्या वर्षी कुणाच्याही मनात आलं असतं.

मागच्या वर्षी नवरात्र संपता संपता दादाला पक्षाघाताचा झटका आला. ग्वाल्हेरकडे त्याला लकवा म्हणतात. वहिनीने वेळ न घालवता दवाखाना गाठला. वाचकहो, हे लक्षात असू द्या. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर थांबायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोवीस तास मिळतात ते मालिकेत.

दादाचा जीव वाचला. उजवा हात अधू झाला आणि शब्द गेले. याला वाचाघात म्हणतात. बोलणं घडवणारी मेंदूतली जागा बहुतेकांच्या डाव्या बाजूला असते, हे फ्रान्समधल्या डॉ. पॉल ब्रोका यांनी दाखवून दिलं. त्यांच्या रुग्णाला ‘तां’ एवढा एकच आवाज काढता येई. दादाला सगळं समजत होतं, पण पाणी मागता येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे गणपतीची आरती सबंध म्हणता येत होती! पाठ असलेलं, सुरातलं बोलणं अशा आजारात पुष्कळदा शाबूत राहतं, असं बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या हिंदी बोलणाऱ्या. पण घरी कोणती भाषा बोलता हे त्यांनी आधी विचारलं आणि सराव मराठीतच करायला लावला. आणखी एक नियम घातला. त्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे आणि वाट पाहायची.

जानेवारीत मी गेले. ग्वाल्हेरची थंडी आणि गजकची बशी पुढ्यात. संध्याकाळी भाच्याने डीव्हीडी काढल्या आणि दादासमोर धरल्या. दादाने डाव्या हाताने नेमका त्याच भागावर बोट ठेवलं. वहिनी माझ्याकडे पाहू लागली. मेंदू गेलेल्या माणसाची गोष्ट आत्ता कशाला?

बटणांवर चालणारा स्पॉक पडद्यावर आला तेव्हा कुणी हसलं नाही. तेवढ्यात दादाने रिमोट उचलला, स्वतःच्या उजव्या हातावर रोखला, बटण दाबलं आणि हात हलत नाही असं पाहून मान हलवली. मग तोच खदखदून हसला. त्याच्या पाठोपाठ आम्ही सगळे.

शेवटी मॅकॉय एका यंत्राखाली डोकं घालतो आणि मेंदू बसवण्याची विद्या त्याला येते. पण ती उसनी, काही तासांची. ऐन शस्त्रक्रियेत तो विसरू लागतो. भोवती कॅप्टन, इंजिनिअर, एवढी हुशार माणसं उभी, पण कुणाला काही सुचत नाही. तेव्हा स्पॉकच सुचवतो की आधी माझी वाचा जोडा. वाचा जुळते आणि टेबलावर पडलेला रोगी डॉक्टरला पुढचं सगळं सांगत जातो. पूर्वी या प्रसंगाला आम्ही सगळ्यात जास्त हसलो होतो. आता वाटलं, एवढ्या फसलेल्या गोष्टीत कूनने एक खरी गोष्ट सांगून ठेवली आहे. आजारी माणसाचं भलं आपल्याला पुष्कळ कळतं, पण ते उसनं कळणं आहे. खरं कळतं ते त्यालाच, आणि म्हणून आधी त्याची वाचा जोडायची, मग बाकीचं. दवाखान्यातले कागद, औषधांच्या वेळा, व्यायाम हे सगळं आम्ही चोख करत होतोच. त्या बाईंचे दहा आकडे का महत्त्वाचे, ते मला त्या संध्याकाळी नीट उमगलं.

भाग संपला. भाच्याने विचारलं, “बाबा, कसा वाटला?”

दादाचे ओठ हलले, थांबले. वहिनीने पदराचं टोक घट्ट धरलं. मी मनात मोजत होते. आठवर आले होते.

“बे... बेकार,” दादा म्हणाला. आणि जरा दम घेऊन, “पुढचा.”

त्या सत्रात एकूण चोवीस भाग आहेत. माझी परतीची गाडी निघेपर्यंत आमचे नऊ पाहून झाले.