भाजी बाजाराला, कोशिंबीर घराला

पुण्याहून नाशिकचा रस्ता धरा आणि एस.टी.त खिडकीजवळची जागा पकडा. ओझर-लेण्याद्रीच्या दर्शनाला निघालेले आणि शिवनेरी पाहायला चाललेले पुष्कळ लोक गाडीत भेटतील. आपल्याला मात्र या खेपेस वेगळेच पाहायचे आहे. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एवढी भाजी पिकते, ती पिकवणाऱ्याच्या ताटात किती उतरते? जाता जाता चार सोप्या कोशिंबिरीही शिकून घेऊ.

पहिला थांबा चाकण, पुण्यापासून सुमारे 30 किलोमीटर. आता इथे मोटारींचे कारखाने उभे आहेत, पण चाकणची जुनी ओळख कांद्याच्या बाजाराची. चांगला कांदा गोणीत भरून बाजाराला जातो आणि घरात राहते ती गोल्टी. राहू द्या, तिची चव काही कमी नसते. चार-पाच गोल्ट्या बारीक चिरा, मीठ लावून थोड्या चुरा, वाटीभर घट्ट दही घाला आणि वरून जिरे-मिरचीची फोडणी द्या. दही नसेल तर लिंबू पिळा, दाण्याचा कूट घाला. शेतावर तर सुरीसुद्धा लागत नाही. कांदा मुठीने फोडायचा, मीठ-तिखट लावायचे आणि भाकरीबरोबर खायचा.

पुढे भीमेच्या काठी राजगुरुनगर लागते. पूर्वीचे खेड ते हेच, हुतात्मा राजगुरूंचे गाव. ते मागे टाकून घाट चढलो, की मंचर येते. हा आंबेगाव तालुका. इथले सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. बटाट्याची भाजी आपण रोज करतो, कोशिंबीर मात्र क्वचित. तीन उकडलेले बटाटे गार करून फोडी करा. दही, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर दाण्याचा कूट घालून कालवा. फोडणी तुपाची, जिऱ्याची. उन्हाळ्याच्या दुपारी ही कोशिंबीर आणि एक भाकरी खाल्ली, तर जड वाटत नाही आणि भूकही भागते.

याच पट्ट्यात हिवाळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या टेम्पोत चढताना दिसतात. त्यातली एक जुडी घरात ठेवा आणि घोळाणा करा. कोवळी मेथी धुऊन, निथळून बारीक चिरायची. तीत कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालायचे, वर लिंबू पिळायचे. चूल पेटवायलाच नको.

आता नारायणगाव. पुण्यापासून सुमारे 75 किलोमीटर, मीना नदीच्या काठी. इथला टोमॅटोचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. हंगामात कॅरेटच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि इथून माल दूरदूरच्या शहरांकडे निघतो. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला तेव्हा घरी खायला टोमॅटो ठेवणे जिवावर आले. भाव पडला की तोच टोमॅटो बांधावर ओतला जातो. भाव असो वा नसो, घरच्या ताटात तो नाहीच!

ही गोष्ट केवळ चवीची नाही. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. पण बाजरीत, डाळीत, पालेभाजीत जे लोह असते ते अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते लिंबू, टोमॅटो, कोथिंबीर, कोबी, पेरू, आवळा यांत असते. म्हणजे बाजरीच्या भाकरीशेजारी लिंबू पिळलेली कोशिंबीर असली, तर त्याच भाकरीतून अधिक मिळते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते. चहा तासाभराने घ्यावा. ज्यांचे रक्त फार कमी आहे त्यांनी दवाखान्यात तपासून गोळ्या घ्याव्यात. कोशिंबीर ही त्या गोळीला जोड आहे, तिच्या ऐवजी नव्हे.

आपल्याकडे कोशिंबीर म्हणजे ताटाची डावी बाजू. पाहुणा आला की ती हटकून होते. एरवी झाली तरी घरातली मंडळी जेवून उठेपर्यंत पातेले रिकामे होते आणि शेवटी जेवणाऱ्या माउलीला उरते भाकरी आणि कोरड्यास. दिवसभर वाकून टोमॅटो तोडणारी तीच असते. तेव्हा कोशिंबीर केली की तिची वाटी आधी बाजूला काढून ठेवा. घरच्या पुरुषांनीच ती काढावी, हे उत्तम.

नारायणगावच्या टोमॅटोची रीत अशी: तीन घट्ट टोमॅटो आणि एक कांदा बारीक चिरा. मिरची, कोथिंबीर, तीन चमचे दाण्याचा कूट आणि चिमूटभर साखर घाला. मोहरी-हिंगाची फोडणी द्या. मीठ मात्र वाढण्याच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटते. हीच रीत काकडीला, मुळ्याला, कोबीला, किसलेल्या गाजराला चालते. एक ताजी भाजी, एक आंबट आणि एक कूट, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की झाले. आंबट म्हणून दही, लिंबू किंवा कैरी. कूट दाण्याचा, तिळाचा किंवा भिजवून वाटलेल्या हरभरा डाळीचा. वाकडी काकडी, जराशी तडकलेला टोमॅटो असा जो माल बाजारात मागे पडतो, तो याला उत्तम. सडका भाग असेल तर मात्र फळच टाकून द्या.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. फवारलेल्या वावरातला माल सरळ ताटात घेऊ नका. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते औषधाच्या डब्यावर छापलेले असते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत उतरते, ते मिठाच्या पाण्याने धुऊन निघत नाही. म्हणून मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेपासून दूर, परसात चार वाफे घरासाठी राखा. काकडी, मुळा, मेथी, कोथिंबीर लावा आणि तिथे पंप नेऊच नका.

नारायणगावाहून डावीकडे वळले की जुन्नर, आणि समोर शिवनेरी. पश्चिमेला डोंगर चढत जातो आणि भातखाचरे सुरू होतात. इथवर येईतो दुपार झालेली असते. आपणही शिदोरी सोडू. मोड आलेली मटकी शेतावर न्यायला फार सोयीची. मटकी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. पाच-सात मिनिटे वाफवून घ्या. कच्चे मोड पोटाला बाधू शकतात, विशेषतः लहान मुलांना आणि गरोदर बाईला. डब्यात मटकी आणि पुडीत मीठ-तिखट न्या. कांदा, टोमॅटो, लिंबू अखंडच न्या आणि जेवायच्या वेळी चिरा. चिरून ठेवलेल्या भाजीतले 'क' जीवनसत्त्व वेळ जाईल तसे घटते. एवढी कोशिंबीर, दोन भाकरी आणि तांब्याभर ताक असले की दुपारचे जेवण पुरे होते, आणि जेवल्यावर वावरात डोळेही मिटत नाहीत.

आपल्याकडे नव्या पिकाचा पहिला वाटा देवापुढे ठेवण्याची रीत आहे. तिला एक जोड द्या. तोडा सुरू झाला की पहिले कॅरेट भरण्याआधी पाटीभर माल घरासाठी काढा. बाजार त्यानंतर.