चौकच्या टेकडीवरून मीरा

भाईंदर स्टेशनावरून उत्तनमार्गें चौक गांवीं बस जाते; पुढील चढण पायींच. वाळत घातलेल्या मासळीचा वास मागें पडला कीं धारावी किल्ल्याचे अवशेष लागतात. उत्तरेस खाडी, पलीकडे वसई. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं आधीं हें ठाणें घेतलें, मग वसई. परंतु मी गेलों तो इतिहासासाठीं नव्हे.

७ डिसेंबर २०१८ रोजीं, कार्तिकी अमावास्येस, थोरल्या बंधूंनीं मला येथूनच एक तांबूस तारा दाखविला. दक्षिणाभिमुख उभें राहिलें असतां, मीनांच्या दोऱ्यांची गांठ जेथें पडते तिच्या खालीं, किंचित् डावीकडे, तिमिंगल तारकापुंजांत. शेजारच्या ताऱ्यांशीं ताडून त्यांनीं त्याचें तेज वहींत टिपलें. तो मीरा. येथील मीरा गांवाशीं त्याचा संबंध नाहीं. हेवेलियसनें १६६२ सालीं दिलेल्या या लॅटिन नांवाचा अर्थ 'आश्चर्यकारक', आणि आपल्या 'विस्मया'तील 'स्मि' धातूशीं त्याचें नातें भाषापंडित जोडतात. १५९६ सालीं फाब्रिसियसनें पाहिलेला हा तारा पुढें दिसेनासा झाला. तो सुमारें ३३२ दिवसांनीं उजळतो हें कळावयास चाळीस वर्षें लागलीं.

३० डिसेंबर २०२४ च्या सोमवतीस नातवास घेऊन पुन्हां गेलों. बंधु आतां नाहींत. त्यांची वही बरोबर होती. भाईंदरच्या दिव्यांचा उजेड फार, तरी गांठ दिसली. तारा दिसेना, लहान दुर्बिणींतूनहि नाहीं.

"आजोबा, तारा मेला का?"

नाहीं रे. तो फुगतो, आकसतो. निवला कीं त्याच्या वातावरणांत टायटॅनियम ऑक्साइड वाढतें व दृश्य प्रकाश गिळतें. डोळ्यांस तो शेंकडों पट मंद होतो. अवरक्त किरणांत पाहिलें तर फरक दोन-तीन पटींचाच. म्हणून अशा दीर्घकालीन रूपविकारी ताऱ्यांचें तेज अवरक्तांत मोजतात, आणि तेथें नियम सांपडतो: आवर्तन लांब, तर तेज अधिक.

मला त्याहून नवल वाटतें तें कुळाचें. युद्धकाळीं लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले असतां वाल्टर बाडेनें माउंट विल्सनवरून देवयानी दीर्घिकेचे तारे निरखले, व १९४४ सालीं ताऱ्यांचीं दोन कुळें सांगितलीं. (पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली तेंच साल.) मीरेचे भाऊबंद दोहोंतहि आहेत. दोनशें दिवसांच्या आसपास आवर्तन असलेले बहुधा अतिवृद्ध. कांहीं गोलाकार तारकागुच्छांत राहतात, कांहीं आकाशगंगेच्या चकतीबाहेर दूर भटकतात. चारशें दिवसांहून अधिक आवर्तनाचे वयानें लहान, चकतीला धरून राहणारे. भरल्या घरांत जिन्यावरील पावलांवरून पिढी ओळखावी, तसें आवर्तनावरून वय. आमची मीरा मधली.

"मग दिसेल कधीं?" वहीवरून हिशेब केला. पुढील तेज एप्रिल २०२५ च्या सुमारास; पण तेव्हां सूर्य शेजारीं. अकरा आवर्तनांचीं दहा वर्षें होतात, म्हणजे अशीच डिसेंबरची रात्र २०२८ सालीं.

मुलानें पेन्सिल मागितली, आणि बंधूंच्या अक्षराखालीं तारीख घालून लिहिलें, "दिसला नाहीं."