मोठ्या मुलांबरोबर खोपोली-पाली

मुले लहान असतात तोवर सहलीचा बेत हा वडीलधाऱ्यांचा एकमुखी निर्णय असतो. स्थळ आपण ठरवावे, तिकिटे आपण काढावी, शिदोरी स्वयंपाकघरातून निघावी आणि मुलांनी खिडकीजवळच्या जागेसाठी भांडावे, अशी त्या राज्याची घटना असते. मुले मिळवती झाली की ही घटना आपोआप रद्द होते. तिच्या जागी नवी कोणती यावी, याचा विचार मात्र आपल्या घरांत फारसा होत नाही. परिणामी सहलीच थांबतात आणि सणावारी चार दिवस एका छपराखाली येणे एवढाच सहवास उरतो.

या सहवासाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. गणपतीचे पाच दिवस, दिवाळीचे चार, एखादे लग्नकार्य. म्हणजे वर्षाकाठी दहा दिवस. ईश्वरकृपेने आणखी वीस वर्षे आयुष्य लाभले तरी हे सारे मिळून दोनशे दिवस होतात. मूल अठरा वर्षांचे होईतो त्याच्यासोबत आपण साडेसहा हजारांहून अधिक दिवस घालविलेले असतात. उरलेले दोनशे दिवस केवळ पंक्तीत वाढण्यात आणि आल्यागेल्यांचे स्वागत करण्यात संपावेत, हे मनाला पटेना. म्हणून गेल्या दसऱ्याच्या सुटीत, आम्ही उभयता, बंगळूरची कन्या व जावई आणि पुण्यात नोकरी करणारे चिरंजीव अशा पाच जणांनी एकत्र प्रवासाला निघावयाचे ठरविले.

स्थळाची सूचना कन्येची होती. खोपोली-पाली रस्त्यावरील ‘इमॅजिका’ हे २०१३ साली सुरू झालेले मोठे मनोरंजन उद्यान तिला पाहावयाचे होते. सौभाग्यवतींना पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावयाचे होते. नकाशा उघडला तेव्हा दोन्ही इच्छा एकाच रस्त्यावर उभ्या असलेल्या दिसल्या.

‘या वयात आपण पाळण्यात बसावयाचे काय?’ हा प्रश्न अर्थातच निघाला. परंतु अशा उद्यानांचा इतिहास पाहिला तर तो प्रश्नच गैरलागू ठरतो. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील फिरत्या घोड्यांवर बसवून स्वतः बाकावर बसून राहत. मुलांना आणि आईबापांना एकत्र रमता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्यांना तिथे सुचला, असे ते सांगत. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून २०२२ पर्यंत चालले. मुलांना झोक्यावर बसवून आईबापांनी कुंपणाशी पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत उभे राहावे, हा या उद्यानांचा मूळ हेतूच नव्हे.

बेत आखताना आम्ही काही नियम ठरविले. पहिला नियम असा की, प्रत्येकाने एकच गोष्ट हक्काने मागावी आणि इतरांनी ती कुरकुर न करता मान्य करावी. कन्येने उद्यान मागितले, सौभाग्यवतींनी पाली; चिरंजीवांनी सकाळची झोप मागितली, जावईबापूंनी एक वेळचे मासे आणि मी खोपोलीचे वीजकेंद्र निदान बाहेरून पाहण्याची परवानगी. दुसरा नियम खर्चाचा. प्रवेशाची तिकिटे कन्येने काढावी, मोटारीची व्यवस्था चिरंजीवांनी करावी, मुक्काम आणि जेवणखाण आमच्याकडे असावे, असे वाटून घेतले. मुलांच्या पैशाने प्रवास करण्यात अनेक वडिलांना कमीपणा वाटतो. परंतु देणारा हात नेहमी आपलाच असावा, हा आग्रह काही वेळा प्रेमापेक्षा सत्तेचा असतो. घेता येणे हीदेखील वडीलपणाची एक पायरीच आहे.

तिसरा नियम प्रकृतीचा. हृदयविकार, रक्तदाब, मानेचे वा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी वेगवान झोक्यांत बसू नये, अशा सूचना या उद्यानांत ठळकपणे लावलेल्या असतात. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेव्हा कोणत्या झोक्यात कोण बसणार, हे घरीच ठरवून टाकले. म्हणजे ऐनवेळी ‘बाबा, चला ना’ असा आग्रहही नको आणि उसने धैर्यही नको. दिवसभर पाचही जणांनी एकमेकांना चिकटून फिरावयाचे नाही, दुपारच्या जेवणाला आणि सायंकाळी मात्र एकत्र जमावयाचे, हा चौथा नियम.

काळाची निवडही महत्त्वाची. खोपोली घाटाच्या पायथ्याशी असल्याने तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मेचे ऊन प्रौढांना सोसवत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तोही शनिवार, रविवार आणि नाताळचा आठवडा टाळून. सीमाभागात राहण्याचा येथे एक अनपेक्षित लाभ झाला. कर्नाटकातील शाळांना मोठी सुटी दसऱ्याची असते, तर महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीची. त्यामुळे आमच्या सुटीतल्या मधल्या वारी उद्यानात फारशी गर्दी नव्हती.

बेळगावाहून पुण्यापर्यंतचा मार्ग निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा असा सर्वांच्या परिचयाचा. पुण्यात चिरंजीव आणि मोटार दोन्ही येऊन मिळाली. बोरघाट उतरताना पावसाने धुतलेला सह्याद्री अजून हिरवा होता. खोपोलीस टाटांचे जलविद्युत्केंद्र आहे. लोणावळा-वळवणच्या तलावांतील पाणी नळांवाटे पाचशे मीटरांहून अधिक खाली आणून १९१५ साली येथे वीज निर्माण होऊ लागली आणि मुंबईच्या कापडगिरण्या तिच्यावर चालू लागल्या. डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते नळ मी मुलांना दाखविले. चिरंजीव हसून म्हणाले, ‘बाबा, सुटीतसुद्धा तास घेताय.’ मोटार मात्र त्यांनीच थांबविली होती.

गंमत अशी की, ज्या तत्त्वावर ते केंद्र चालते, त्याच तत्त्वावर उद्यानातील ‘नायट्रो’ हा महाकाय झोका चालतो. साखळीने गाडी सुमारे चाळीस मीटर उंच ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढे इंजिन नाही, सारी करामत गुरुत्वाकर्षणाची. चाळीस मीटरांवरून खाली येणाऱ्या वस्तूला ताशी सुमारे शंभर किलोमीटरांचा वेग येतो, हे आठवीनववीच्या सूत्राने काढता येते. गाडी पाच वेळा उलटीपालटी होते आणि पायांखाली फळीही नसते. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८८४ साली अशी पहिली गाडी सुरू झाली तेव्हा तिचा वेग ताशी सहा मैल होता!

तिघे मुले वर बसली आणि आम्ही दोघे खाली उभे राहिलो. सूत्र ठाऊक असून माझ्या तळहातांना घाम फुटला. सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले होते. आपले मूल आपल्या हाताबाहेर वेगाने चालले आहे आणि आपण फक्त खालून पाहू शकतो, याहून मोठ्या मुलांच्या आईबापांच्या स्थितीचे नेमके चित्र कोणते असेल? दोनएक मिनिटांत तिघे हसत खाली आली. कन्येने धावत येऊन प्रथम विचारले, ‘आई, घाबरली नाहीस ना?’

‘राजासॉरस’ नावाची जलसफर आम्ही पाचही जणांनी केली. हे नाव कल्पित नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या अवशेषांवरून २००३ साली एका खऱ्या डायनोसॉरला ते दिलेले आहे. ‘आय फॉर इंडिया’ या दालनात एका रांगेत बसलेल्या आम्हा पाचांच्या खुर्च्या अधांतरी उचलल्या गेल्या आणि समोरच्या भव्य पडद्यावर, आकाशातून देश पाहत असल्याचा भास झाला. अंधारात पायऱ्या उतरताना माझे कोपर कुणीतरी धरले. ते चिरंजीव होते. सौंदत्तीच्या जत्रेत पाळण्यातून उतरताना माझे बोट घट्ट धरणारा हाच तो हात. मी काही बोललो नाही. कोपरही सोडवून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी, चिरंजीवांची झोप पूर्ण झाल्यावर, पालीस गेलो. सरसगडाच्या छायेत वसलेल्या या गावी अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे दगडी देऊळ आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणली म्हणून सांगतात ती मोठी घंटा येथे पाहावयास मिळते. परंतु मला या क्षेत्राची कथा अधिक महत्त्वाची वाटते. कल्याण नावाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जाई आणि दगडाला गणपती मानून खेळण्यात घरची वाट विसरे. संतापलेल्या बापाने पूजा मोडली, मुलाला मारले, झाडाशी बांधून ठेवले. देवाने येऊन त्याला सोडविले आणि त्याच्याच नावाने तेथे राहिला. देवाच्या नावात भक्ताचे नाव गुंफलेले अष्टविनायकांतले हे एकच स्थान. आणि तो भक्तही एक पोर, ज्याचे रमणे बापाला उमगले नव्हते. देवळात उभा असताना ही कथा मी जावईबापूंना सांगितली, तेव्हा कन्येचे लक्ष माझ्याकडेच होते.

मासे नागोठण्याच्या वाटेवर मिळाले आणि जावईबापूंची मागणीही पुरी झाली.

वाचकांपैकी ज्यांची मुले परगावी असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ‘मुलांना सवड नाही’ हे गृहीत धरण्यापूर्वी त्यांना विचारून पाहावे. आणि स्थळ त्यांना ठरवू द्यावे. आपली पाली त्याच रस्त्यावर पुढे कोठेतरी असतेच. शाळेत आपण वर्षभराचे वेळापत्रक जूनमध्येच भिंतीवर लावतो, कारण तासांची संख्या ठरलेली असते. घरच्या तासांची संख्याही ठरलेलीच आहे. आमच्या पुढील सहलीचे स्थळ आता चिरंजीव सुचविणार आहेत, आणि मोटार थांबविण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे.