थेंबभर पाणी

विहिरीच्या ओलसर कपारीत नेचे दाट माजते. चार हात दूर, कोरड्या बांधावर, ते क्वचितच दिसते. ओलाव्याची ही ओढ केवळ तहानेची नव्हे. नेच्याच्या शुक्रपेशीला अंडपेशीकडे पोहत जावे लागते. पाण्याचा पातळसा थरही नसेल, तर त्यांची भेट होत नाही.

बीजधारी वनस्पतींनी हे बंधन तोडले. नरपेशीचा वंश त्यांनी परागकणाच्या टणक कवचात बंद केला आणि वाऱ्याच्या किंवा कीटकांच्या स्वाधीन केला. अंडपेशी मात्र मातृवृक्षावरच, बीजांडाच्या आवरणात जपली. तरीही पाणी त्यांच्या जीवनातून एकाएकी हद्दपार झाले, असे मानणे घाईचे ठरेल. टोकियोच्या कोइशिकावा वनस्पती उद्यानातील एक गिंको वृक्ष त्याची साक्ष देतो.

गिंकोत नर आणि मादी वृक्ष वेगवेगळे असतात. वसंत ऋतूत मादी वृक्षाच्या बीजांडाच्या तोंडाशी द्रवाचा इवलासा थेंब जमतो. वाऱ्यावर आलेला परागकण त्याला चिकटतो आणि थेंब आत ओढला जाताना त्याच्यासोबत आत जातो. मग सुमारे चार महिने बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र परागकणातून नलिका फुटते आणि बीजांडाच्या ऊतीत मुळासारखी पसरून अन्न शोषू लागते. पुढे काय होते, ते १८९६ पर्यंत कोणी पाहिले नव्हते.

ते पाहिले साकुगोरो हिरासे यांनी. विद्यापीठात ते चित्रे काढण्याच्या कामावर लागले होते. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. या वृक्षाची बीजांडे आणावीत, त्यांचे पातळ काप घ्यावेत, सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावेत, असा त्यांचा क्रम चाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांना नलिकेतून सुटलेली शुक्रपेशी द्रवात पोहताना दिसली! अंगावर मळसूत्री वळणाची पट्टी, तिच्यावर असंख्य कशाभिका, आणि पोहायचे अंतर मिलिमीटरहूनही कमी. ज्या पाण्यासाठी नेचे ओलावा धरून राहिले, ते या वृक्षाने स्वतःच्या बीजांडातच निर्माण केले होते. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्येही पोहणारी शुक्रपेशी आढळली. बंगल्यांच्या फाटकापाशी शोभेसाठी लावतात, तोच हा सायकस. पाइन वृक्ष आणि आंब्यासारख्या सपुष्प वनस्पती याही पुढे गेल्या. त्यांची परागनलिका थेट अंडपेशीपर्यंत पोहोचते. शुक्रपेशींना पोहण्याचे कामच उरलेले नाही.

हिरासे मात्र १८९७ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडले आणि हिकोने येथील शाळेत शिकवू लागले. जपानचा शाही पुरस्कार त्यांना इकेनो यांच्यासमवेत मिळाला, तो १९१२ मध्ये. तो गिंको वृक्ष आजही उद्यानात उभा आहे. शरदात त्याच्या बिया खाली पडतात. त्यांच्या मांसल सालीला असा काही दर्प येतो, की जाणारे-येणारे नाक दाबून चालतात.