तांड्याचे शब्द

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या परिसरात ‘तांडा’ म्हटला म्हणजे गावाबाहेरील लमाणांची कायमची वस्ती असाच अर्थ घेतला जातो. वस्तुतः तांडा म्हणजे चालणारी गोष्ट. शेकडो, क्वचित हजारो बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून कुटुंबकबिल्यासह मुलूख तुडवीत जाणारा तो मेळा होय. या लादून नेण्याच्या धंद्यास ‘लदेणी’ म्हणत. ‘लमाण’ हा शब्द लवणापासून, म्हणजे मिठापासून, आणि ‘वणजारी’ वाणिज्यापासून निघाला असे सामान्यतः मानतात. ही लोक स्वतःस मात्र ‘गोर’ म्हणवितात. तुम्हीआम्ही सारे त्यांच्या लेखी ‘कोर’. नवख्या वाचकाने पहिल्याने हाच शब्द शिकावा, असे आम्हांस वाटते. कारण शहाण्या माणसालाही आपले दुसऱ्याकडील नाव सहसा ठाऊक नसते.

तांड्याचा मुख्य तो ‘नायक’, व त्याच्या हाताखाली ‘कारभारी’. पण वऱ्हाडच्या पोलीसखात्यातील कंबरलेज याने १८८२ साली पुन्हा छापल्या गेलेल्या आपल्या टिपणात एका तिसऱ्याच अधिकाऱ्याचे वर्णन केले आहे. तो म्हणजे ‘हतादिया’, बालाजीला वाहिलेला बैल. त्याच्या पाठीवर कधी ओझे घालावयाचे नाही. अंगावर तांबडे रेशीम, कवड्यांच्या माळा, पितळी साखळ्या. चाल सर्वांच्या पुढे. थकून तो जेथे बसेल तेथे त्या दिवसाचा मुक्काम! कोणी यास भाबडेपणा म्हणो. आम्हांस त्यात व्यवहार दिसतो. बिनओझ्याचा बैलही जेथे थकला, तेथे लादलेल्यांना पुढे हाकण्यात काय हशील?

१८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि लदेणी बसत गेली. धंदा गेलेल्या फिरत्या लोकांवर सरकारची नजर वाकडी होतीच. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसू लागला. तो कायदा १९५२ साली उठला. महाराष्ट्रात बंजारे आज ‘विमुक्त जातीं’च्या यादीत आहेत. मीठ पुरविणाऱ्यास त्या मिठावरून मिळालेले नाव मागे पडावे, आणि सुटल्याचे नाव मात्र सरकारदप्तरी राहावे, हा शब्दांचा विचित्र न्याय आहे.

‘नायक’ या शब्दाचे दैव बरे. पुसदजवळील गहुली येथे १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्याचे पद तेथे आडनाव होऊन मंत्रालयात गेले.

परंतु चालणारा तांडा अगदीच संपलेला नाही. मराठवाड्यातील अनेक तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस निघतात. बैलांच्या जागी ट्रक व ट्रॅक्टर, बाकी भांडीकुंडी आणि पोरेबाळे तशीच. त्यांचेही शब्द आहेत. नायकाच्या ठिकाणी ‘मुकादम’. निघण्यापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. हंगामभर ती फिटावयाची, न फिटल्यास पुढील वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. नवराबायकोच्या जोडीस म्हणतात ‘कोयता’. मुकादमाच्या वहीत माणसांची संख्या नसते, कोयत्यांची असते. बाई आजारी पडली तर अर्धा कोयता पडला, असे हिशेबात धरतात. आणि हतादियाचा अर्थ सांगणारा शब्द या नव्या कोशात आम्हांस कोठे आढळला नाही.