चुकलं कुठे?

मुलांनो, आज तुम्हांला एका जपानी कंपनीची गोष्ट सांगायची आहे. पण ती मला कशी कळली, ते आधी ऐका.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे गेले होते. दारात चपला काढतेय, तोच आतून दादाचा चढलेला आवाज ऐकू आला. माझा भाचा अकरावीत आहे. सहामाहीत तो गणितात नापास झाला होता. आणि हा पठ्ठ्या कॉम्प्युटरपुढे बसून कुठल्याशा राक्षसाशी लढत होता!

"अगं, तूच विचार याला," दादा मला म्हणाला. "त्या राक्षसाने कालपासून याला साठ वेळा मारलंय. हाच मोजून सांगतोय! साठ वेळा मेला तरी एकसष्टाव्यांदा तयार. आणि गणितात एकदा आपटला, तर पुस्तक उघडायचं नाव नाही."

मी पडले शिक्षिका. माझ्याकडे उपदेश तयारच असतो. पण मी तोंड उघडण्याआधीच भाचा म्हणाला, "आत्या, इथे मेलो की कळतं, का मेलो ते. उडी उशिरा मारली, घाई केली, काहीतरी. पेपरात नुसते मार्क कळतात."

मी गप्पच बसले. कारण मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचं नाव सांगत नाही, ती हा अंक नक्की वाचणार आहे. गणित चुकलं की ती खोडते. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. पानाला भोक पडेपर्यंत खोडते. सहामाहीच्या पेपरात तिने भागाकाराची पाचही गणितं कोरी सोडली. मी विचारलं, "अगं, थोडंफार येत होतं ना तुला? मग लिहिलं का नाहीस?" तर खाली मान घालून म्हणाली, "बाई, कोरं ठेवलं की फुली येत नाही."

ते वाक्य दिवाळीच्या फराळातही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्या रात्री मी भाच्याजवळ खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "सांग बाबा मला, हा खेळ कुणी केला?"

तर ही ती गोष्ट.

जपानच्या टोकियो शहरात १९८६ साली नाओतोशी जिन या गृहस्थांनी एक कंपनी काढली. नाव फ्रॉमसॉफ्टवेअर. खेळांशी तिचा काही संबंध नव्हता बरं का! कचेऱ्यांना आणि धंद्यांना कामाला येणारे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम ती तयार करायची. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात सोनी कंपनीचं प्लेस्टेशन हे खेळांचं यंत्र बाजारात आलं. त्याच महिन्यात फ्रॉमसॉफ्टवेअरने आपला पहिला खेळ आणला, 'किंग्ज फील्ड'. अंधारी भुयारं, हातात तलवार, आणि सोबतीला कुणी नाही. पुढे १९९७ मध्ये 'आर्मर्ड कोअर' आला. त्यात प्रचंड यंत्रमानव स्वतः जोडायचे आणि लढवायचे. कंपनी बरी चालली होती, पण जगभर नाव व्हावं असं काही घडलं नव्हतं.

आता या गोष्टीत एक मुलगा येतो. हिदेताका मियाझाकी त्याचं नाव. तो जपानच्या शिझुओका शहरातला. घरची परिस्थिती बेताची. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसायचे, म्हणून तो वाचनालयातून आणायचा. त्यात इंग्रजी पुस्तकंही असायची, राक्षसांची आणि जादूची. सगळी कुठली समजायला! पण तो ती बंद करून ठेवायचा नाही. जेवढं कळलं तेवढं वाचायचा, चित्रं पाहायचा आणि मधल्या गाळलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरायचा. गंमत म्हणजे, पुढे जगातले सर्वांत गाजलेले व्हिडिओ गेम बनवणाऱ्या या मुलाला कॉलेजात जाईपर्यंत व्हिडिओ गेम खेळायची घरून परवानगीच नव्हती! (पालकांनो, हे वाक्य मी तुमच्यासाठी लिहिलंय. आणि मुलांनो, त्यामागचं वाचनालयाचं वाक्य तुमच्यासाठी.)

मियाझाकी शिकले, एका मोठ्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागले. एकदा एका मित्राने सुचवलं म्हणून त्यांनी 'इको' नावाचा खेळ खेळून पाहिला आणि त्यांना वाटलं, आपण हेच काम करावं. तेव्हा वय होतं २९. आधीचा अनुभव शून्य. फारच थोड्या कंपन्या त्यांना घ्यायला तयार झाल्या. त्यांतली एक फ्रॉमसॉफ्टवेअर. २००४ साली ते तिथे रुजू झाले.

पुढे कंपनीत एक खेळ अडकून पडला होता. तलवारी आणि राक्षसांचा. काम पुढे सरकत नव्हतं आणि तो फसणार असंच बहुतेकांना वाटत होतं. मियाझाकींनी काय केलं असेल? त्यांनी तोच मागून घेतला! त्यांचा विचार साधा होता. हा खेळ बुडालाच आहे असं सगळे धरून चालले आहेत. मग मी माझ्या मनासारखं करून पाहिलं आणि ते फसलं, तर बोलणार कोण?

मुलांनो, इथे मी भाच्याला थांबवलं. कारण माझ्या त्या मुलीच्या हे बरोब्बर उलटं होतं. फुली येईल म्हणून ती लिहीत नाही. आणि इथे एका माणसाच्या मनातून फुलीची भीती गेली, म्हणून त्याला लिहिता आलं.

तो खेळ म्हणजे 'डीमन्स सोल्स'. फेब्रुवारी २००९ मध्ये तो जपानात आला. आणि झालं काय? आपटला! सुरुवातीला फार कमी लोकांनी विकत घेतला. अतिशय अवघड, म्हणे. पैसा सोनीचा होता, पण सोनीनेही अमेरिकेत किंवा युरोपात स्वतः तो आणायला नकार दिला. सोनीचे एक बडे अधिकारी शुहेई योशिदा यांनी जवळजवळ दोन तास खेळून पाहिला होता आणि त्यांना सुरुवातीच्या पुढे जाताच आलं नव्हतं. शेवटी अमेरिकेत तो दुसऱ्याच कंपनीने आणला. पण खेळणारे एकमेकांना सांगत राहिले, 'अरे, सोडू नको, पुढे जाऊन बघ!' या तोंडातोंडीवर खेळ चालला. पुढे योशिदांनीही जाहीरपणे कबूल केलं की आपला निर्णय चुकला. मोठ्या माणसांचंही चुकतं, आणि ते सांगताही येतं. खरं की नाही?

मग २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला, २०१५ मध्ये 'ब्लडबोर्न', २०१९ मध्ये 'सेकिरो'. खेळ बनवायला आलेले मियाझाकी २०१४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' आला. तीन आठवडे व्हायच्या आत त्याच्या १ कोटी २० लाखांहून जास्त प्रती बाजारात गेल्या आणि जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याला बक्षीस मिळालं. भाचा लढत होता तो याच खेळातल्या राक्षसाशी.

(एक सांगून ठेवते. हे खेळ लहान मुलांसाठी नाहीत. बहुतेकांवर १६ किंवा १७ वर्षांच्या पुढच्यांसाठी असा शिक्का असतो आणि तो योग्यच आहे. तेव्हा लगेच आईकडे हट्ट धरू नका! मी खेळाची नाही, खेळ बनवणाऱ्यांची गोष्ट सांगते आहे.)

आता मूळ प्रश्न. इतके अवघड खेळ लोक इतक्या आवडीने का खेळतात? साठ वेळा मरून एकसष्टाव्यांदा का उठतात?

मियाझाकी अनेकदा सांगत आले आहेत की अवघड करणं हा त्यांचा हेतू नाही. अवघड गोष्ट जमल्यावर जो आनंद होतो, तो त्यांना द्यायचा असतो. पण नुसतं अवघड केलं तर माणूस वैतागून उठेल. म्हणून त्यांनी काही गोष्टी नीट जुळवल्या आहेत. भाच्याने मला दाखवल्या.

पहिली गोष्ट. राक्षस हात उगारतो, तेव्हा मारण्याआधी क्षणभर थांबतो. प्रत्येक माराची आधी काही खूण असते. पहिल्यांदा ती दिसत नाही, मार बसतो. दहाव्यांदा दिसायला लागते. म्हणजे दर हरण्यात काहीतरी हाती लागतं.

दुसरी गोष्ट. जो जिथे मेला, तिथे जमिनीवर एक लाल डाग उरतो, आणि तो दुसऱ्या खेळणाऱ्यांनाही दिसतो. डागाला हात लावला की तो माणूस शेवटच्या क्षणी काय करत होता ते भुतासारखं दिसतं. कुणी धावत सुटला आणि दरीत गेला. कुणी मागे पाहिलंच नाही. दुसऱ्याची चूक तुम्हांला वाट दाखवते! शिवाय खेळणारे जमिनीवर एकमेकांसाठी निरोपही ठेवतात, 'पुढे शत्रू आहे', 'इथे वाट आहे' असे. काही खोडकर लोक खोटे निरोपही ठेवतात म्हणा!

अनोळखी माणसांनी एकमेकांना मदत करण्याची ही कल्पना मियाझाकींना कुठे सुचली, ठाऊक आहे? एका डोंगराच्या चढावर. खूप बर्फ पडलं होतं आणि गाड्या चढाला अडकल्या होत्या. मग मागची गाडी पुढचीला हळूच ढकलू लागली आणि तसं करत करत गाड्या वर चढल्या. मियाझाकींचीही गाडी वर आली. ढकलणाऱ्यांचे आभार मानायला त्यांना थांबता आलं नाही, कारण थांबले असते तर गाडी पुन्हा अडकली असती. ती माणसं पुन्हा कधी भेटली नाहीत. पण ती त्यांच्या मनात राहिली, आणि पुढे खेळात उतरली.

आणि तिसरी गोष्ट मला फार आवडली. 'एल्डन रिंग'मध्ये एखादा राक्षस अगदीच भारी पडला, तर त्याला तिथेच सोडून दुसरीकडे जाता येतं. फिरा, शिका, ताकद वाढवा आणि परत या. तो सोपा होत नाही. तुम्ही तयार होता.

हे ऐकता ऐकता मी मनातल्या मनात माझीच वही तपासत होते, मुलांनो. सुट्टी संपली आणि मी शाळेत जाऊन वर्गाच्या जुन्या वह्या काढल्या. काय दिसलं? लाल फुली, लाल फुली, आणि खाली माझ्याच अक्षरात 'पुन्हा सोडव'. पण कुठे चुकलं, ते एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. चाळीस वह्या तपासायच्या असतात, वेळ नसतो, हे खरं. तरी माझ्या भाच्याला राक्षस जेवढं सांगत होता, तेवढंसुद्धा मी माझ्या मुलांना सांगत नव्हते. याची मला लाज वाटली.

तेव्हापासून मी गणितावर फुली मारणं बंद केलंय. जिथे पाय घसरला, त्या पायरीवर फक्त एक गोल काढते. आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलाय. त्यावर लिहिलंय, 'मी इथे घसरले, मी इथे घसरलो.' ज्याला वाटेल त्याने आपली चूक तिथे लिहायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल. पहिली चूक मीच लिहिली. त्या दिवशी वजाबाकीत हातचा मीच विसरले होते. वर्ग असा हसला म्हणता!

ती मुलगी काही लगेच आली नाही. तीन आठवडे नुसती पाहत होती. मग एका दुपारी खडू घेऊन उठली आणि लिहिलं: ६१८ भागिले ६. उत्तर १०३ यायला हवं होतं, तिचं १३ आलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मधलं शून्य लिहायचं राहिलं.' दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी तेच शून्य आपापल्या वहीत शोधून काढलं.

तिचे सगळे भागाकार आता बरोबर येतात असं मी म्हणणार नाही. अजून चुकतात. पण गेल्या चाचणीत तिने एकही गणित कोरं सोडलं नाही. पाचपैकी दोन बरोबर आली, आणि उरलेल्या तिन्हींवरचे गोल पाहून तिने मला विचारलं, "बाई, हे तिन्ही एकाच जागी कसे?" इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आणि भाचा? दादाने त्याचा सहामाहीचा पेपर पुन्हा काढायला लावला. मार्कांसाठी नाही, घसरलेल्या जागा शोधायला. दादा स्वतः शेजारी बसतो म्हणे, आणि अकरावीचं गणित पाहून तोच आधी घसरतो! ते झालं की एक तास खेळ. वार्षिक परीक्षेचं आत्ताच काय सांगू?

तो राक्षस मात्र पडला. चौऱ्याहत्तराव्या वेळी.

तेव्हा मुलांनो, आज एक काम करा. तुमची एखादी जुनी वही काढा आणि लाल फुली असलेलं एक गणित निवडा. लगेच खोडू नका. आधी शोधा, पाय कुठे घसरला? सापडला नाही, तर न घाबरता तुमच्या बाईंना, गुरुजींना विचारा, "चुकलं कुठे?"

आम्हांला ते सांगता आलं पाहिजे.