कंसाबाहेरचं उणे

दहावीला बीजगणितात माझी दांडी उडाली. १९८३ सालची गोष्ट. बाकीचे विषय निघाले, हा एक राहिला. नेमकं काय चुकलं, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्यासारख्याला गणित येतच नसतं, असं लोक म्हणायचे. मीही ते धरून चाललो होतो.

निकालानंतर बोर्डिंगात माझी पेटी आणायला गेलो. तिथं माझ्या एक वर्ष पुढचा एक पोरगा होता. त्यानं जुन्या वहीच्या पाठीमागं मला एकच गणित घातलं.

३क्ष − २(क्ष − ४) = १५

मी झरझर सोडवलं. ३क्ष − २क्ष − ८ = १५. म्हणून क्ष = २३. खाली दोन रेघा मारल्या. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की मला फार बरं वाटायचं.

तो म्हणाला, "ताळा कर."

ताळा म्हणजे निघालेलं उत्तर परत पहिल्या समीकरणात क्षच्या जागी बसवायचं. हे मास्तरांनी सांगितलं होतं. मी कधी केलं नव्हतं. बसवलं. तेवीस त्रिक एकोणसत्तर. कंसात तेवीसातून चार गेले, एकोणीस. त्याची दुप्पट अडतीस. एकोणसत्तरातून अडतीस गेले, उरले एकतीस. पाहिजे होते पंधरा.

"सोळा कुठून आले रे जास्तीचे?" तो म्हणाला. "हे बघ. कंसाबाहेर दोन उभा आहे. तो आतल्या दोघांनाही शिवला पाहिजे. क्षला शिवला अन् चाराला नाही, असं इथं चालत नाही. दोन तू दोघांना लावलास, ते बरोबर. पण दोनाच्या मागं उणे आहे. ते तू क्षलाच लावलंस. चार आधीच उण्यातला होता. उणे गुणिले उणे, अधिक. आठ द्यायचे होते, ते तू उलटे कापून घेतलेस. म्हणून सोळाचा फरक."

मग ३क्ष − २क्ष + ८ = १५. क्ष = ७. ताळा केला. सात त्रिक एकवीस, सातातून चार गेले तीन, दुप्पट सहा. एकवीसातून सहा गेले, पंधरा. जमलं.

पण उणे गुणिले उणे अधिक का होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही. नियम घोकला होता, एवढंच. ते कळलं घरी.

माय-बा ऊसतोडीवरून आले होते. पट्टा पडून दोन महिने होत आले होते. बाच्या बंडीच्या खिशात मुकादमाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली. बाला वाचता येत नव्हतं, पण कागद जपायचा. मी वाचली. मजुरी २४००. उचल २०००. परत ४००. बाकी शून्य.

"फिटलं समदं," बा म्हणाला. "देणं नाई, घेणं नाई."

चुलीपाशी माय होती. म्हणाली, "मधी शेळी इकून चारशे दिलते की त्याला. ते कुटं गेले?"

मी चिठ्ठी उलटी केली अन् पाठीमागं लिहिलं. मिळायचे पैसे क्ष धरले. उचल दोन हजार, त्यातले चारशे शेळीचे फेडलेले. म्हणजे देणं राहिलं ते एका कंसात.

क्ष = २४०० − (२००० − ४००)

कंसात नुसते आकडे असले तर आतलं आधी उरकून घ्यावं. सोळाशे. चोवीसशेतून सोळाशे गेले, आठशे. आत क्ष असला की असं उरकत नाही, मग कंस फोडावाच लागतो. मी तसाही फोडून बघितला. २४०० − २००० + ४००. आठशेच. मुकादमानं मांडलं होतं २४०० − २००० − ४००. तंतोतंत माझी पेपरातली चूक.

तेव्हा कळलं. देण्यातून जे वजा होतं, ते आपल्या पदरात पडतं. उणे उणे अधिक म्हणजे मायची शेळी. मुकादमानं ती एकदा घेतली, जमा धरली नाही, अन् वर तेवढीच आणखी कापली. चारशेचं नुकसान आठशेवर गेलं.

पुढं वाचनात आलं की ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये उणे-अधिकाचे नियम लिहून ठेवले, ते धन आणि ऋण याच शब्दांत. शून्यातून ऋण वजा केलं तर धन होतं, हे त्यातच आहे. आपल्या पुस्तकात अजून धन संख्या, ऋण संख्या असंच म्हणतात. ऋण म्हणजे कर्ज. हे वर्गात कुणी फोडून सांगितलं असतं, तर ज्याच्या घरी उचल आहे त्या पोराला ते चटकन कळलं असतं.

सकाळी मी अन् बा मुकादमाकडं गेलो. मी कागद दाखवला. तो हसला.

"पोरगं गणितात नापास झालंय म्हनं?"

"व्हय," मी म्हणालो. "हीच चूक केलती."

दारात चारपाच माणसं होती. त्यानं कागद दोनदा बघितला. चारशे दिले. उरलेले चारशे येत्या उचलीत धरतो म्हणाला. बा गप्प राहिला. पोळ्याला नवी उचल लागणारच होती. पण उचलीला जाताना बानं माझी वही काखेत मारून नेली. चारशे धरले गेले.

ऑक्टोबरात मी पास झालो.

आता वस्तीतली पोरं संध्याकाळी माझ्याकडं बसतात. पुस्तकात क्षच्या जागी एक्स आलाय, चूक जुनीच आहे. मी सांगतो : कंसाच्या बाहेर काय उभं आहे ते आधी बघा. उणे असेल तर ते आतल्या प्रत्येक पदाला लावा, शेवटचं पद सोडू नका. आणि ताळा जमेपर्यंत उत्तराखाली रेघा मारू नका.

मुकादमानंही त्या शून्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.